सातबारा, वाडा आणि बहिणीची सही

मराठी कौटुंबिक नाटकाचा पडदा वर गेला की प्रेक्षकांना दिवाणखाना दिसतो, कोपऱ्यातली आरामखुर्ची दिसते, भिंतीवरचा आजोबांचा फोटो दिसतो. मला त्याच रंगमंचावर कुठेतरी एक कागद दिसत असतो. मृत्युपत्र, वाटणीपत्र, गहाणखत, पासबुक. काही ना काही असतेच. चौतीस वर्षे बँकेत काढल्यावर नजरेला लागलेले हे वळण आहे, आणि कादंबऱ्या लिहू लागल्यावर ते सुटण्याऐवजी पक्केच झाले. आपल्या नाटक-सिनेमांतून आणि कादंबऱ्यांतून माया, त्याग, संस्कार यांविषयी पुष्कळ बोलले जाते. या सगळ्याखाली जो कागद दबलेला असतो त्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. घरातली माणसे मात्र त्याला कधी विसरत नाहीत.

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’च घ्या. २३ डिसेंबर १९७० रोजी ते रंगमंचावर आले आणि डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेले अप्पासाहेब बेलवलकर महाराष्ट्राच्या घराघरात जाऊन बसले. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची सावली या नाटकावर आहे हे सर्वांना ठाऊक आहे. अप्पांची स्वगते पाठ असणारे लोक मला शेकड्यांनी भेटले. पण त्या स्वगतांच्या आधी अप्पा काय करतात? रंगभूमीवरून निवृत्त होताना जे काही कमावले ते मुलगा आणि मुलगी यांच्यात वाटून मोकळे होतात. स्वतःसाठी आणि कावेरीसाठी काहीही राखून ठेवत नाहीत. पुढची सगळी शोकांतिका या एका उदार क्षणातून उगवते. बँकेच्या काउंटरवर असे अप्पा मी अनेकदा पाहिले. फरक एवढाच, की त्यांना स्वगते येत नव्हती. ते नुसतेच गप्प बसून राहत.

विशेष म्हणजे, त्याच १९७० साली विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ही रंगमंचावर आले, आणि त्यामागेही डॉ. लागूच होते. तिथे बाप द्यायला तयार नाही आणि मुले ओरबाडायला टपलेली आहेत. बापाने बँकेत दडवून ठेवलेल्या ठेवीचा पत्ता काढण्यासाठी भावंडे जे करतात ते पाहून त्या काळचा प्रेक्षक हादरला होता. त्या नाटकातल्या हिंसेवर आणि भाषेवर पुष्कळ वाद झाला. त्या ठेवीवर मात्र झाला नाही. एकाच वर्षी मराठी रंगभूमीने घराची दोन चित्रे समोर ठेवली: एक बाप सगळे देऊन उघडा पडलेला, दुसरा काहीच न देता घेरला गेलेला. प्रेक्षकांनी पहिल्याला डोक्यावर घेतले, दुसऱ्यापासून जरा अंतर राखले. आपल्या घराविषयी काय ऐकायला आपल्याला आवडते, हे यातून कळते.

कायद्याला मात्र दोन्ही घरांची दखल घ्यावी लागली. २००७ साली केंद्र सरकारने आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा केला. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर एखाद्या वृद्धाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. अप्पासाहेबांच्या वेळी हे कलम असते तर? पण मग ‘नटसम्राट’ झाले नसते. आणि खरे सांगायचे तर, कलम असूनही किती आईबाप मुलाविरुद्ध अर्ज करायला धजावतात? मालमत्ता परत मिळेल, मुलगा परत मिळणार नाही, या हिशोबापुढे भलीभली माणसे हात टेकतात.

घर आणि मालमत्ता यांचा हा धागा आणखी मागे नेता येईल. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यावर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. आपण त्या पुस्तकातली आई लक्षात ठेवली. त्या आईला दारिद्र्यात ढकलणारी भाऊबंदकी, वेगळे निघणे, सावकाराचा तगादा आणि जप्ती हे सगळे त्या पुस्तकात ठळकपणे आहे. पण ‘संस्कार’ या शब्दाच्या झोतात ते अंधुक झाले. श्यामच्या घराची ओळख जमिनीवर उभी होती. जमीन गेल्यावर ती ओळख आईने शब्दांवर आणि वागण्यावर उभी केली. इतकी अवघड गोष्ट प्रत्येक घराला जमत नाही, म्हणूनच ते पुस्तक आजही वाचले जाते.

ही भाऊबंदकी आणि हा वाडा मराठी रंगभूमीवर सर्वांत ताकदीने आणला तो महेश एलकुंचवारांनी. ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली आले. विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांच्या घरी तात्याजी वारले आहेत, मुंबईचा मुलगा बायकोसह आला आहे आणि तेराव्याच्या खर्चापासून दागिन्यांपर्यंत एकेका गोष्टीवरून घर उसवत चालले आहे. अंगणात एक बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत पडला आहे. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ आली आणि १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटके सलग सादर केली. मला त्यातली प्रभा विसरता येत नाही. शिकायची इच्छा असलेली, शिकू न दिलेली आणि आता वाड्यातल्या एखाद्या जुन्या कपाटासारखी राहिलेली ही मुलगी. तिच्याकडे मी या लेखात पुन्हा वळणार आहे.

त्या वाड्याची पडझड का झाली, हे समजून घ्यायला कायद्याचा थोडा इतिहास लागतो. पश्चिम महाराष्ट्रात १९४८चा कुळकायदा होता. त्यातल्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. विदर्भासाठी १९५८चा वेगळा कायदा आला. त्यानंतर कमाल जमीन धारणेच्या मर्यादा आल्या. वाड्यांचे धान्य बंद झाले. वाड्यांपुढे वाकणाऱ्या घरांच्या नावाचा सातबारा झाला. एलकुंचवारांनी रंगवली ती जमीन हातातून निसटलेल्या घराची कहाणी. ती जमीन ज्यांच्या हाती आली, त्या घरांची कहाणी पुढे काय झाली? ती पाहायची तर मी सध्या राहते त्या मारुंजीपेक्षा चांगली जागा नाही.

मारुंजी हे मुळशी तालुक्यातले, हिंजवडीला लागून असलेले गाव. मुळशी म्हटले की जुन्या पिढीला आंबेमोहोर आठवतो आणि इतिहासाच्या वाचकाला सेनापती बापट. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. ‘सेनापती’ ही उपाधी त्यांना याच लढ्याने दिली. जमीन पाण्याखाली जाणार म्हणून तुरुंगात गेलेल्या माणसांचा हा तालुका. पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी याच तालुक्याच्या पूर्वेकडच्या टोकाला संगणकाची वसाहत आली. हिंजवडीची ती जागा मुळात सहकारी साखर कारखान्यासाठी ठरली होती आणि भूमिपूजनाला आल्यावर आपण कारखाना दुसरीकडे न्यायला सांगितला, ही हकीकत शरद पवार यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. संत तुकाराम कारखाना मग कासारसाई-दारुंब्रे इथे उभा राहिला आणि उसाऐवजी हिंजवडीत काचेच्या इमारती उगवल्या. त्या इमारतींत काम करणाऱ्यांना राहायला घरे हवी होती. ती मारुंजी, माण, नेरे, जांबे या गावांच्या शिवारात उभी राहिली आणि अजून राहत आहेत.

धरणाच्या वेळी जमीन सक्तीने गेली, तेव्हा लढा झाला. आता ती बरीचशी राजीखुशीने, करार करून, पेढे वाटून गेली. लढायचे कोणाशी?

त्या काळात पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या शाखांमध्ये माझी नेमणूक होती. ज्या खात्यांत दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी जमा होत, त्याच खात्यांत एक दिवस आकड्यामागे पाच-सहा शून्ये असलेला धनादेश येई. मुदत ठेवीची पावती घेताना अनेक वृद्ध ती कपाळाला लावत. एक आजोबा तर दर महिन्याला यायचे. व्याज तिमाहीला जमा होते, मधे यायचे कारण नाही, असे मी त्यांना समजावून सांगितले. ते म्हणाले, “बाई, व्याजासाठी न्हाय येत. रोज बांधावर चक्कर मारायची सवय हाय. आता बांध हितं हाय, म्हून येतो.” पावती बघायचे, पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवायचे आणि जायचे.

ठेव कशी मोडते याचाही एक क्रम मी पाहिला. पहिल्यांदा घर बांधायला, ते योग्यच. मग मुलीच्या लग्नाला, त्यात थोडे जास्त. मग मुलाच्या गाडीला. मग पाहुण्यांना हातउसने. मग पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकाला. शेवटची पावती मोडायला येतो तो मुलगा, बापाला सोबत घेऊन. बाप काउंटरपासून दोन हात लांब उभा असतो. अर्थात सगळ्यांचे असे झाले नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते. कितीतरी घरांनी त्या पैशातून भाड्याच्या खोल्या बांधल्या, कोणी पाण्याचे टँकर घेतले, कोणी कंपन्यांना गाड्या लावल्या, कोणी लांबच्या तालुक्यात पुन्हा जमीन घेतली. कितीतरी मुली शिकून त्याच काचेच्या इमारतींत नोकरीला लागल्या. या घरांवर सिनेमा निघत नाही, कारण जे नीट चालले आहे ते पडद्यावर कंटाळवाणे दिसते.

सिनेमा निघाला तो दुसऱ्या घरांवर. मुळशीच्याच मातीतले प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ नोव्हेंबर २०१८मध्ये आला. जमीन विकून बसलेला सखाराम पाटील आधी पहारेकरी होतो आणि मग पुण्याच्या बाजारात हमाल. त्याचा मुलगा राहुल गुन्हेगारीच्या वाटेने वर चढतो आणि त्याच वाटेने संपतो. मोहन जोशी आणि ओम भुतकर यांनी हे बापलेक उभे केले. चित्रपट पाहून आलेल्या तरुणांच्या ओठांवर त्यातले गाणे होते आणि मोबाईलवर राहुलचे फोटो. त्यांच्या बापांनी मात्र, मी बोलले त्या सगळ्यांनी, पहिल्यांदा विषय काढला तो सखारामचाच. एकाच चित्रपटगृहात शेजारी बसून बाप एक चित्रपट पाहत होता आणि मुलगा दुसरा.

यात दोष चित्रपटाचा किती आणि आपल्या बघण्याचा किती? तरड्यांनी कारण आणि परिणाम दोन्ही दाखवले आहेत, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. पण पडद्यावर पिस्तूल आले की बाकी सगळे मागे सरते, हा त्या माध्यमाचा धर्म आहे. २०२१ साली महेश मांजरेकरांनी त्याचे हिंदी रूप ‘अंतिम’ केले, तेव्हा वजन सलमान खानच्या पोलीस अधिकाऱ्याकडे झुकले आणि बापाचे दुःख आणखी आक्रसले. इकडे तालुक्यातल्या मुलांना त्या नावाचा वेगळाच त्रास झाला. ‘मुळशीचा आहेस का?’ हा प्रश्न पूर्वी भाताच्या चौकशीसाठी असायचा. आता त्यात एक मिस्कील शंका मिसळली. एखाद्या कलाकृतीने दिलेली ओळख पुसणे सातबाऱ्यावरचे नाव कमी करण्यापेक्षा अवघड असते.

वास्तविक ही कहाणी मुळशीपुरती नाही. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव कायमचा बदलला. त्यावर जयंत पवारांनी १९९७ साली ‘अधांतर’ लिहिले. चाळीतले एक घर, एक आई, बेकार मुले. त्यातला एक टोळीत जातो. जमिनीच्या जागी गिरणी ठेवा, शेताच्या जागी चाळ ठेवा, बाकी घर तेच. पण ‘अधांतर’मध्ये पवारांनी कॅमेऱ्यासारखी नजर त्या एका मुलावर खिळवली नाही. लेखक व्हायची स्वप्ने बघणारा भाऊ, बहीण, कामगार जावई आणि या सर्वांना जेवायला घालणारी आई, सगळ्यांना बोलायला जागा दिली. म्हणून त्या नाटकातून बाहेर पडताना प्रेक्षकाच्या डोक्यात गुंड राहत नाही, घर राहते.

त्याही मागे बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आहे, १९५३चा. आपली दोन बिघे सोडवण्यासाठी शंभू कलकत्त्यात रिक्षा ओढतो, आणि परत येतो तेव्हा त्या जागेवर कारखान्याचे काम सुरू झालेले असते. तिथली मूठभर मातीही पहारेकरी त्याला नेऊ देत नाही. पासष्ट वर्षांनी ‘मुळशी पॅटर्न’मध्ये शेतकरी स्वतःच पहारेकरी होतो. हिंदी सिनेमातल्या त्या कुंपणाबाहेरच्या माणसाला आत घेऊन आपण त्याच्या हातात दंडुका दिला, एवढीच काय ती प्रगती, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

पैसे संपतात, हे या कहाणीचे अर्धेच दुखणे आहे. उरलेले अर्धे आनंद यादवांनी १९७१ साली ‘गोतावळा’त सांगून ठेवले आहे. नारबा हा दुसऱ्याच्या शेतावरचा गडी. त्याच्या नावावर एक गुंठाही नाही. मालक ट्रॅक्टर आणतो, एकेक जनावर जाते आणि नारबाचे जगच रिकामे होते. यादव सांगतात ते असे, की माणसाची ओळख मालकीतून जितकी येते तितकीच रोजच्या कामातून येते. सकाळी उठून कोणाला वैरण घालायची, पाणी कुठल्या वाफ्याला सोडायचे, हे ठरलेले असले की माणूस कोणीतरी असतो. मारुंजीच्या पारावर दुपारी बसलेल्या पन्नाशी-साठीच्या माणसांकडे पाहिले की हे पटते. त्यांच्या घरात आज पैसा आहे, दारात मोटार आहे. पण ‘सध्या काय करता?’ या प्रश्नाला त्यांच्यापाशी सरळ उत्तर नाही. शर्यतीच्या बैलांवर इथली घरे एवढा जीव का टाकतात, हे शहरातल्या लोकांना कळत नाही. औत धरायला जमीन उरली नाही तरी वैरण घालायला दावणीला कोणीतरी हवे असते.

आता या कहाणीची दुसरी बाजू. मारुंजीच्या मनोऱ्यांत राहायला आलेले आम्ही कोण आहोत? विदर्भातले, खानदेशातले, मराठवाड्यातले, सोलापूर-कोल्हापूरकडचे, आणि देशभरातले इतर. गृहकर्जाच्या अर्जात ‘स्वतःचा हिस्सा’ नावाचा एक रकाना असतो. घराच्या किमतीचा जो भाग बँक देत नाही तो कर्जदाराने कुठून आणला, ते तिथे दाखवावे लागते. त्या रकान्याला जोडलेली कागदपत्रे मी वर्षानुवर्षे तपासली. त्यांत गावाकडची जमीन विकल्याची खरेदीखते असत, वडिलांनी वाडा विकून पाठवलेली रक्कम असे, भावाने दिलेला वाटणीचा पैसा असे. म्हणजे इथल्या शेतकऱ्याने जमीन विकली म्हणून मनोरा उभा राहिला, आणि त्या मनोऱ्यात घर घेण्यासाठी दुसऱ्या कुठल्यातरी शेतकऱ्याने तिकडे आपली जमीन विकली. एकाच लिफ्टमध्ये जमीन विकलेली दोन घरे वर-खाली करतात आणि एकमेकांना ‘गाववाले’ आणि ‘सोसायटीवाले’ म्हणतात.

एलकुंचवारांच्या नाटकातला मुंबईचा सुधीर आज मारुंजीत दहाव्या मजल्यावर राहतो, असे मला वाटते. वाड्यात हिस्सा मागितला म्हणून तो गावात वाईट ठरला, आणि इथे हप्ते भरताना त्याचे केस पांढरे झाले. आन्तोन चेखव्हचे ‘द चेरी ऑर्चर्ड’ १९०४ साली मॉस्कोत रंगमंचावर आले. त्यात कर्जबाजारी जमीनदारांची बाग लिलावात घेतो तो त्यांच्याच कुळाचा, भूदासांचा मुलगा, आणि ती तोडून उन्हाळी बंगल्यांसाठी जागेचे तुकडे पाडायचे ठरवतो. आपल्याकडे ज्याला प्लॉटिंग म्हणतात, तेच. चेखव्हने त्या माणसाला खलनायक केले नाही. विकणाऱ्यांनाही शहीद केले नाही. सव्वाशे वर्षे होत आली तरी ते नाटक टिकले, त्याचे एक कारण हे आहे.

आणि आता प्रभाकडे.

वर सांगितलेल्या कलाकृतींची यादी पुन्हा डोळ्यांखालून घाला. बाप, मुलगे, भाऊ. जमीन कोणाची गेली? बापाची. बिघडले कोण? मुलगे. भांडले कोण? भाऊ. बहीण कुठे आहे? १९९१ साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला. अलका कुबल यांच्या सोसण्यावर महाराष्ट्रातल्या बायका धाय मोकलून रडल्या. गावोगावच्या बायका ट्रक-टेम्पोतून तो पाहायला जात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. पुढे शहरी मंडळींनी त्या सिनेमाची पुष्कळ थट्टा केली. मला ती थट्टा आवडत नाही. माहेरून येणारी साडी म्हणजे, आपले तिकडे कोणी आहे याचा पुरावा. तो पुरावा किती जणींना किती महाग पडला, हे त्या रडण्यात होते.

किंमत काय होती ते सांगते. खातेदार वारला आणि वारसाचे नामांकन केलेले नसले की बँक सर्व वारसांच्या सह्या मागते. ज्यांना हिस्सा नको त्यांनी तसे लिहून द्यायचे. (नामांकन असले तरी ज्याचे नाव असते तो मालक होत नाही, वारसांच्या वतीने पैसे घेणारा विश्वस्त असतो. हे घरोघरी माहीत असायला हवे.) या लिहून देण्याच्या कागदावर सही करायला बहुधा बहिणी येत. भाऊ गाडीने घेऊन येई, चहा पाजी, सही झाली की नवी साडी देई. एकदा तिघी बहिणी आल्या होत्या. सही करण्यापूर्वी कागद वाचून सांगणे माझे कामच होते. मी वाचून सांगितला. थोरली म्हणाली, “समजलं हो मॅडम. पर सही न्हाय केली तर दिवाळीला जायाचं कुटं?” आणि तिने सही केली. तिच्यामागे दोघींनी केली.

जमिनीच्या हक्कसोडपत्रांवर हेच घडले, फक्त रक्कम मोठी होती. या बाबतीत महाराष्ट्र मागे होता असे मात्र नाही. २२ जून १९९४पासून राज्याच्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीने जन्मतः हक्क दिला. मात्र त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट उरली नाही, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्मतः आहे, २००५मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. ‘माहेरची साडी’ आणि पहिला कायदा यांत जेमतेम तीन वर्षांचे अंतर. पण साडी घराघरात पोहोचली. कायदा पोहोचला तो जमिनीला भाव आल्यावर, वकिलाच्या नोटिशीच्या रूपाने. त्यामुळे हक्क मागणारी बहीण म्हणजे घर फोडणारी, अशीच तिची ओळख ठरली. जिने सोडला तिचे नाव कोणी घेतले नाही, जिने मागितला तिचे नाव घेणे बंद झाले.

मला वाटते, मराठी नाटकाला आणि कादंबरीला इथे फार मोठे काम आहे. भाऊ वाईट नाही. त्यानेच आईबापाला सांभाळले आहे, आजारपणे काढली आहेत. बहीण लोभी नाही. तिच्या सासरी कर्ज आहे, मुलीच्या शिक्षणाची फी भरायची आहे. दोघांचेही बरोबर आहे आणि कागद एकच आहे. याहून अधिक नाट्य कशात असते? त्यासाठी पिस्तूल लागत नाही, पावसातली मारामारी लागत नाही. लागते ती दोघांच्या बाजूने विचार करणारी लेखणी.

आणि वाचकांचे काम? ते थोडे कमी रंगतदार आहे. ज्या घरांत अजून जमीन आहे, वाडा आहे, एखादी ठेव आहे, तिथे आईवडील धडधाकट असतानाच सगळ्यांनी, मुलींसह आणि सुनांसह, एकदा एकत्र बसावे. काय आहे, कोणाच्या नावावर आहे, कोणाला काय वाटते, हे मोकळेपणाने बोलावे. वडीलधाऱ्यांनी उदार व्हावे, पण अप्पासाहेबांइतके नाही. मुलग्यांनी बहिणीला कागद घरी आधी वाचायला द्यावा, सहीच्या दिवशी गाडीत नव्हे. बहिणीने काय ठरवायचे ते ठरवावे. सोडला तरी समजून सोडावा, आणि मागितला तरी तिची दिवाळी तिला मिळावी.

अशी बैठक पहिल्यांदा अवघड जाते. कोणीतरी रुसते, कोणीतरी उठून जाते, चहा गार होतो. पण ज्या घरांत ती झाली, तिथल्या बहिणी पुढे बँकेत भावाबरोबर हसत आलेल्या मी पाहिल्या आहेत. सही करताना त्यांनी पेन माझ्याकडे मागितले नाही. आपल्या पर्समधून स्वतःचे काढले.